खिडकीतली बाटली

बस पोरी. बाईंनी तुला आमची खिडकी मोजायला पाठवलंय, तर मोज खुशाल. पण आधी तिची गोष्ट ऐक.

आमचे हे बाईंच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतात. सगळे बाटलीमामा म्हणतात त्यांना. बाईंनी असले हिरवे जंतू घडवले, की ऊन खायचं आणि तेल गाळायचं. गाड्या चालतील असलं तेल. बाटलीत सुखानं नांदायचे, पण बाहेर उन्हातल्या हौदात सोडले की तिसऱ्या दिवशी मेलेच. लाडावलेली लेकरं.

सहा वेळा मेले. मग वरून हुकूम आला, सगळ्यांत मारायचं औषध ओता आणि टाळं लावा. ओतायचं काम ह्यांचंच. एकोणचाळीस बाटल्या मारल्या, चाळिसाव्या बाटलीला हात धजेना. पिशवीत घालून घरी आणली, या खिडकीत ठेवली.

मी म्हटलं, सवत आणलीत की काय. नुसते हसले. रोज चहाच्या आधी तिची विचारपूस. एकदा म्हणाले, "हिचं झाकण निळं होतं ना गं?"

"वय झालं तुमचं," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी बाईंना शेवटची संधी मिळाली, आणि जवळ थेंब नाही. ह्यांनी मान खाली घालून बाटली पुढं केली. बाई आधी ओरडल्या, मग रडल्या. बाटली हौदात ओतली. तिसरा दिवस गेला, दहावा गेला. जंतू जगले, वर तेलाचा तवंग.

बाईंनी विचारलं, मामा, केलंत काय? हे शपथेवर सांगतात, खिडकीतून हलवली नाही. बाईंनी नवे जंतू घडवून तसल्याच खिडकीत ठेवले, तर ते हौदात पुन्हा मेले. आता महिन्याभरात कारण सापडलं नाही, तर परत टाळं.

तर ऐक. ती बाटली आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या कोपरानं फुटली. फडक्यानं पुसलं, फडकं मागच्या दारी धुण्याच्या टबात पिळलं. भर ऊन, साबणाचं पाणी. तरी आठवड्यात टब हिरवागार. त्यातनं दुसरी बाटली भरून खिडकीत ठेवली. तोवर त्या बाटलीत पालक उकळल्याचं पाणी होतं, आणि हे रोज त्यालाच विचारत होते, बरी आहेस ना.

खिडकी सोड, टब मोज. बाईंना सगळं सांग. ह्यांना तेवढं पालकाचं सांगू नकोस.