मागचा फळा

मुख्याध्यापिकांना वर्गात बोलावून सरांनी माझी आणि मैत्रिणीची अशा दोन्ही उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे नाचवल्या. “मॅडम, आकृतीत दोघींनी जठराला यकृत म्हटलंय आणि यकृताला जठर. चूकसुद्धा डिट्टो! सरळसरळ कॉपी. नियमाप्रमाणे शून्य!” मैत्रीण रडकुंडीला आली. “माफी मागून टाकू गं,” ती कुजबुजली, “विषय तरी मिटेल.” न केलेल्या गुन्ह्याची माफी? माझं डोकंच फिरलं. “बाई, आम्ही जसंच्या तसं लिहिलंय खरं, पण एकमेकींचं नाही.” “मग कुणाचं?” बाईंनी विचारलं. मी मागच्या भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. सरांनी शिकवताना रंगीत खडूंनी काढलेली आकृती अजून तिथंच होती. त्यातही नावांची तीच अदलाबदल. “बाकीच्यांनी पुस्तकातली आकृती पाठ केली, आम्ही दोघींनी हीच.” वर्गात खसखस पिकली. सर डस्टर उचलून तरातरा तिकडे निघाले. मी हात पसरून फळ्यापुढे उभी राहिले. “सर, कोपऱ्यात तुम्हीच लिहिलंय ना, ‘पुसू नये’?”