एका नावाच्या दोघी

प्रतिज्ञापत्र टंकून तयार झाले होते. अडली होती ती केवळ सही. राळेगावच्या तहसील कचेरीसमोर, टिनाच्या छपराखाली मांडलेल्या टेबलाशी इंदूबाई भोयर ताठ बसल्या होत्या. पेन त्यांच्या पुढ्यात होते. त्याला त्यांनी अद्याप हात लावला नव्हता.

त्यांच्या मागे त्यांची सून अर्पिता उभी होती. शेजारी एक खुर्ची रिकामी होती. पण सासूच्या बरोबरीने बसण्याचे धाडस तिने वर्षभरात कधी केले नव्हते, आणि आज तर ते शक्यच नव्हते. पासपोर्टची प्लास्टिकची पिशवी तिच्या मुठीत घामाने ओली झाली होती.

"वाचा पुन्हा एकदा," इंदूबाई म्हणाल्या.

"तिसऱ्यांदा, काकू?" उत्तमसिंग वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लिवाची घाई तुम्हाले असन. मले ऐकाची घाई नाही."

वकिलांनी वाचले. 'मी, इंदूबाई तुकाराम भोयर, शपथेवर लिहून देते की, माझी सून इंदू हिचे नाव लग्नाच्या वेळी बदलून अर्पिता असे ठेवण्यात आले. इंदू व अर्पिता या दोन स्त्रिया नसून एकच आहे.'

इंदूबाईंचा एकुलता एक मुलगा गोपाल कापसावरील किडींचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंडला निघाला होता. संशोधनाला जाणाऱ्याला पत्नी सोबत नेता येते, हे खरे. पण ती पत्नीच आहे, हे कागदाने सिद्ध व्हावे लागते. शाळेच्या दाखल्यावरून निघालेल्या पासपोर्टवर इंदू होती आणि लग्नाच्या दाखल्यावर अर्पिता. नागपूरच्या एजंटाने दोन्ही कागद शेजारी ठेवून गोपालला विचारले होते, "लग्न कोणाशी केलं, अन् नेता कोणाले?" घरच्या कर्त्या माणसाने शपथेवर लिहून द्यावे, एवढाच मार्ग त्याने सांगितला होता. अर्ज सोमवारी द्यायचा होता. गोपाल नागपुरात थांबला होता, आणि त्याला कागद पोचवायचा तर अर्पिताला तीनची एसटी गाठणे भाग होते.

"अन् हा कागद नाही गेला तं?" इंदूबाईंनी विचारले.

"तं गोपाल एकटा जाईन. हिले मागाहून बोलवाचं म्हटलं तं नवा अर्ज, नवी तारीख. झालं तं झालं, नाही तं नाही. नाहीतर पाहुणी म्हणून जाईन अन् चार-सहा महिन्यांनी वापस येईन."

"मंग पाहुणी म्हणूनच जाऊ द्या ना. पाहुणी वापस तं येते."

अर्पिताने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"गोष्ट साधी हाय, वकीलसाहेब," इंदूबाईंचा आवाज तोच होता, गड्यांना काम नेमून देतानाचा. "ही इथं राह्यली तं माहा पोरगा वापस येईन. ही गेली तं कायले येईन तो? वावर पाह्याले? यंदा दोनदा पेरलं, दोन्ही खेपा जळून गेलं."

उत्तमसिंग शिक्क्याची डबी उघडून पुन्हा मिटत राहिले.

चरायला गेलेली गाय संध्याकाळी घरी परतावी, म्हणून वासरू दावणीला बांधून ठेवतात. अर्पिताच्या माहेरी ते काम तिच्याकडेच होते. दावे ओढून पाहणारे वासरू तिला आता जसेच्या तसे आठवले.

"आत्याबाई."

इंदूबाईंनी मान वळवली नाही. सून न विचारता बोलली होती, एवढेच त्यांच्या पाठीला कळले.

"मी राह्यली," अर्पिता म्हणाली, "अन् तरी ह्ये नाही आले तं?"

छपराखाली बसलेली माणसे आपापल्या कागदांत होती. कोणी ऐकले नाही.

"तं मंग आपण दोघी एकाच ओट्यावर बसून वाट पाहू का?"

आता इंदूबाईंनी मान वळवली. त्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. कोणीतरी आपल्याला आपल्याच घराचे दार बाहेरून दाखवावे आणि तिथे वाट पाहणाऱ्या दोघी दिसाव्यात, तसे त्यांचे डोळे झाले होते. मग त्यांनी पदर सावरला आणि पेन उचलले. डाव्या तळव्याने मनगट टेबलावर दाबून धरले आणि पूर्ण नाव लिहिले, एकेक अक्षर सुटे.

उत्तमसिंगांनी घाईघाईने शिक्का मारला. मग कागद डोळ्यांजवळ नेला.

"काकू, एक जागा कोरी राह्यली. यापुढं हिचं कोणतं नाव चालवाचं? दोन्ही नाही चालत. अन् खरं सांगा, एवढं चांगलं नाव होतं, बदललं कायले?"

"इंदू मी. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतीन? हाक एकीले माराची, अन् उठन दुसरीच. माह्या डोळ्यादेखत लिवलं गोपालनं तांदळाच्या ताटात अंगठीनं, अर्पिता. नाव म्याच निवडलं होतं."

"मंग तेच ठेवू?"

कचेरीपलीकडच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागल्याचा पुकारा झाला. अर्पिताने पिशवी छातीशी धरली. पण तिचे पाऊल उचलले नाही.

"नाही," इंदूबाई म्हणाल्या. "इंदूच लिवा."

"दोघींचं एकच नाव चालन?"

"चालन. घरात आता एकच इंदू राहीन."