मागच्या कोपऱ्यातला पाव

आमच्या छोट्या गॅस ओव्हनमध्ये मागच्या कोपऱ्यातला पाव हमखास करपायचा, आणि तो हमखास माझ्याच ताटलीत यायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं. तोंड उघडलं की थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, "अगं, ओव्हनची खोड आहे ती, त्याला मी काय करू? कुणाच्या तरी वाट्याला जाणारच की."

शेवटी मीच मेकॅनिकला बोलावलं. त्याने आत डोकावून कपाळाला हात लावला. "ताई, ट्रे मागच्या भिंतीला टेकतोय. गरम हवा फिरणार कुठून? चारही बाजूंना दोन बोटं जागा सोडा." त्याने तळाची बुजलेली भोकं साफ केली आणि मी लहान ट्रे आणला.

जाऊबाई हाताची घडी घालून बघत होत्या. "सहा वर्षं खाल्लंस की गुपचूप. आताच कुठून आले हे नखरे?"

रविवारी बाराच्या बारा पाव एकसारखे बदामी निघाले. मी स्वतः उलटेपालटे करून पाहिले. मग सगळ्यांना जेवायला हाका मारल्या, हात धुतले आणि टेबलाशी आले, तोवर जाऊबाईंनी पाव वाढले होते. माझ्या ताटलीतला पाव एका बाजूने काळाठिक्कर होता.

"राहिलीच बघ थोडी खोड," जाऊबाई म्हणाल्या.

मी उठून स्वयंपाकघरात गेले.



शेगडीशेजारी पडलेल्या चिमट्याला बोट लावलं, तर चटका बसला.