पुढचा तुकडा

“तू,” एवढं म्हणून मास्तर अडकले. समोरच्या टॅब्लेटवर लगेच तीन चौकटी उजळल्या: ‘तू दे’, ‘तू ये’, ‘तू सांग’.

मास्तरांच्या मागे उभ्या काकू यंत्राहून चपळ. “पाणी मागतायत,” म्हणत त्यांनी बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा. मास्तरांनी ‘नाही’ अशी मान हलवली. मग काकूंनी पंखा कमी केला, त्यांचा चष्मा पुसून दिला. मान हलतच राहिली. मास्तरांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला, तेव्हा खुर्चीची अडचण होत असेल म्हणून काकूंनी ती उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पक्षाघाताच्या झटक्यातून हात वाचले, बोलणं गेलं. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटायची वाट बघत राहायची, की उद्यापासून त्यांच्या वतीने टॅब्लेटनेच बोलायचं, हे आज स्पीच थेरपिस्टबाईंना ठरवायचं होतं. काकूंचा कौल टॅब्लेटला. थेरपीच्या पहिल्या दिवसापासून त्या नवऱ्याच्या मागे उभ्या असत, खांद्याला पिशवी अडकवून, पहाऱ्यावर असल्यासारख्या. त्याची निम्मी वाक्यं लग्नापासून त्यांनीच पुरी केलेली. त्या कामात मदतनीस मिळाला तर कोणाला नकोय?

बाई हौशी होत्या. यंत्र शब्दांचे तुकडे करून भाषा हाताळतं, हे त्या नुकत्याच शिकल्या होत्या. तेच तुकडे मास्तरांना उच्चारायला सोपे जातील असं वाटून, आल्या आल्या त्यांनी ‘शिलाई’ हा शब्द यंत्राने कापला होता तसा फळ्यावर लिहिला होता. मास्तरांनी तो नीट न्याहाळला, दोन बोटांची कात्री केली आणि नाक मुरडलं.

“भलतीकडेच कापून कापड वाया घालवलं म्हणतायत,” काकूंनी खुलासा केला होता.

बाईंना हसू आलं होतं, आणि पटलंही होतं. यंत्राचे तुकडे जिभेच्या मापाचे नसतात. लिहिलेल्या मजकुराच्या ढिगात जे पुन्हा पुन्हा सापडतं, त्यावर त्याची कात्री चालते.

आता चौकटी वाया गेलेल्या पाहून त्यांनी काकूंना पुढचंही समजावलं. एका तुकड्यामागून बहुतेक वेळा कोणता येतो, ते बघून यंत्र पुढचा जोडतं. आजवर जे बोललं गेलं, त्यावरूनच त्याचा अंदाज.

“म्हणजे माझ्यासारखंच की,” काकू म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॅब्लेट पालथा घातला. “काकू, आता काहीही झालं तरी पुढचा शब्द तुम्ही द्यायचा नाही.”

काकूंनी ओठ मिटून घेतले. त्यांच्या जन्मात एवढं कठीण काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. काकूंच्या तोंडाशी ‘पाणी’ आलं, ‘औषध’ आलं, ‘घर’ आलं. सगळं त्यांनी गिळलं.

“तू,” मास्तर म्हणाले. त्यांनी मान वळवून मागे उभ्या काकूंकडे पाहिलं. “खाली... बस ना.”

काकू खुर्ची शोधू लागल्या. ती भिंतीशी होती, त्यांनीच नेऊन ठेवलेली.