टोपलीतले कपटे
नेपोलियन हरल्यावर युरोपची वाटणी ठरवायला व्हिएन्नात बडे मंत्री जमले होते. जिनोआच्या म्हाताऱ्या दूताची खोली रेझी झाडायची आणि टोपलीतले कागदाचे कपटे गुपचूप पोलिसांना द्यायची. त्याने तिच्या आजारी आईसाठी संत्री दिली, तेव्हापासून ती शरमेने कपटे शेगडीत घालू लागली. "म्हातारा हल्ली लिहीतच नाही," ती पोलिसांना सांगायची. आज तो सामान बांधत होता. "आमचं गणराज्य शेजारच्या राजाला देऊन टाकलं." रेझीला राहवलं नाही. "साहेब, तुमचे कपटे मी पोलिसांना द्यायचे." "ठाऊक होतं, पोरी. मंत्री भेटत नव्हते, पण पोलिसांनी आणलेलं वाचायचे. म्हणून तर आमचं गाऱ्हाणं लिहून मोठाले तुकडे करायचो, जुळवायला सोपे. शेवटी शेवटी तर जीव ओतून लिहिलं. तेही पोचलं ना?" "पोचलं, साहेब," म्हणत रेझी शेगडीतली राख भरायला वाकली.