ब्लॉगमधली आई

व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता पाणी प्यायला ऋजुता उठली आणि पडद्यावर तिचं पोट दिसलं. मिरजेत मेथी निवडत बसलेल्या तिच्या आईचा, सुनीतीबाईंचा हात जागीच थांबला.

"अगं, कितवा?"

"पाचवा," ऋजुता चाचरली. "मी आईला सांगितलं होतं."

"कुठल्या आईला?"

"तुझ्या ब्लॉगवरून बनवून घेतलेल्या एआय-आईला. रोज बोलते मी तिच्याशी. अगदी तुझ्यासारखीच बोलते गं, फक्त चिडत नाही."

सगळं जग रील्सच्या नादी लागलं, लोक चार ओळींपुढे वाचेनासे झाले, तरी सुनीतीबाई हट्टाने ब्लॉग लिहीत राहिल्या होत्या. परदेशातल्या लेकीने तो वाचावा, एवढ्यासाठीच.

"तू स्वतः वाचलास का कधी?"

"वेळ कुठाय, आई? सगळा एकदम तिच्यात भरून टाकला."

सुनीतीबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. "बातमी ऐकून काय म्हणाली ती?"

"आनंदाने रडली. आणि म्हणाली, एवढ्यात कुणाला कळू देऊ नकोस, दृष्ट लागते." ऋजुताने नजर वळवली. "म्हणून मग तुलाही नाही सांगितलं."