फोटो क्रमांक सत्तेचाळीस

पाच रविवार झाले तरी सत्तेचाळीस नंबरच्या फोटोला एकही चिठ्ठी आली नव्हती आणि आज शेवटचा रविवार होता, म्हणून श्रीधर आगाशे दुपारपासून त्याच भिंतीपाशी खुर्ची ओढून बसले होते.

सदाशिव पेठेतलं हे संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या वाचनालयाच्या दोन खोल्या आणि सहा निवृत्त माणसं. पेठेतल्या जुन्या स्टुडिओंनी दुकानं आवरताना दिलेले शेकडो बिननावाचे फोटो ट्रंकेत पडून होते. त्यांतले साठ दोरीला चिमट्यांनी लटकवले आणि 'हे कोण?' असा कार्यक्रम जाहीर केला. लोकांनी यावं, ओळखीचा चेहरा दिसला तर छापील चिठ्ठी भरून पेटीत टाकावी. पाच वाजता कल्याणीबाई पेटी उघडून चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवत. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई ती. पेटी वेळेआधी उघडणं म्हणजे त्यांच्या लेखी दरोडाच. छातीवर मोठ्या अक्षरांतल्या नावाचा बिल्ला लावल्याशिवाय त्या कोणा स्वयंसेवकाला आत उभंसुद्धा करत नसत.

सत्तेचाळीस नंबरचा फोटो मात्र कुठल्याच स्टुडिओतला नव्हता. तो श्रीधररावांनीच घरून आणून गुपचूप ट्रंकेत सरकवला होता. वक्तृत्वाची ढाल काखेत धरून सायकलपाशी उभी असलेली ही मुलगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, हेमा.

सत्त्याहत्तर साली हेमाने खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या कचरू गायकवाडांशी लग्न केलं आणि आगाशांच्या घरात सुतकी कळा आली. त्याच वर्षी भाऊबीजेला ती तबक घेऊन दारात आली होती. आईने दार किलकिलं करून सांगितलं, श्रीधर घरी नाही. श्रीधर आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होता. दोन पावलं टाकायची, एवढंच काम होतं. त्याने ती टाकली नाहीत.

बारा वर्षांनी आई गेल्यावर ते मन घट्ट करून खडकीला गेले, तर क्वार्टरमध्ये दुसरंच बिऱ्हाड. शेजाऱ्यांना नवा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हापासून मनाला जी टोचणी लागली ती लागलीच. हेमा एकदा भेटावी, तिची माफी मागावी, मग डोळे मिटले तरी हरकत नाही, एवढंच आता त्यांना हवं होतं. पण सख्ख्या बहिणीचा पत्ता पंचाहत्तराव्या वर्षी पेठेत विचारायचा कसा? इथले लोक पत्ता नंतर सांगतील, कारण आधी विचारतील. म्हणून हा चोरटा मार्ग.

चारच्या सुमाराला एक बाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा आणि हातात काठी. श्रीधररावांनी नमस्कार केला, तेव्हा त्यांनी वाकून बिल्ल्यावरचं नाव वाचलं. मग एकेक फोटो बघत, मधेच एका बँडवाल्याचं नाव बिनचूक सांगत, त्या सत्तेचाळीसपाशी येऊन थांबल्या. बराच वेळ थांबल्या. श्रीधररावांनी जवळ जाऊन, ओळखता का यांना, असं हळूच विचारलं.

"खडकीला आमच्या कॉलनीत होत्या," बाई म्हणाल्या. फोटोवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुमच्या कोण लागतात?"

शेजारच्या टेबलावर कल्याणीबाई पेन्सिलींना टोक करत होत्या, त्यांचा हात थांबला. हा फोटो कुठल्या स्टुडिओतला कोण जाणे, असं श्रीधरराव त्यांनाच दोन महिने ऐकवत आले होते. आता काय तोंड दाखवायचं?

"कोणी नाही," ते म्हणाले. "संग्रहालयाचा फोटो आहे. मी आपला इथला स्वयंसेवक."

"असं होय."

"सध्या कुठे असतात हो त्या?"

"नाहीत आता. गेल्या."

कधी, कशाने, कोणाजवळ, हे विचारायला हवं होतं. अहो, मी तिचा भाऊ, हे सांगायला हवं होतं. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्याच होत्या, जायची काही घाई नसल्यासारख्या. पण कल्याणीबाईंची पेन्सिल अजून थांबलेलीच होती. श्रीधररावांनी मूग गिळले. छापील चिठ्ठी पुढे करून, माहिती तेवढी भरा, पेटी दाराशी आहे, असं खालमानेने सांगून टाकलं. बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सावकाश चिठ्ठी भरली, घडी करून पेटीत टाकली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत त्या निघून गेल्या.

पुढचा तासभर श्रीधररावांनी स्वतःला मनातल्या मनात जोड्याने मारून घेतलं. मेलेल्या बहिणीलाही ओळख दाखवायला लाजलो, असला कसला भाऊ? शेवटी त्यांनी ठरवलं, आता लपवायचं नाही. चिठ्ठीवर बाईंचा फोन असेल. उद्याच्या उद्या त्यांना गाठायचं, हेमाची मुलंबाळं शोधायची, त्यांच्यापुढे हात जोडायचे.

पाच वाजता पेटी उघडली. कल्याणीबाईंनी सत्तेचाळीस नंबर पुकारला तसे श्रीधरराव उठून उभे राहिले.

"आधी माझं ऐका. ही माझी सख्खी बहीण. फोटो मीच आणून टाकला होता. तिच्याशी मी फार वाईट वागलो."

कल्याणीबाईंनी त्यांना हाताने खुर्चीवर बसायला सांगितलं आणि नेहमीपेक्षा बऱ्याच हलक्या आवाजात चिठ्ठी वाचायला घेतली.

"फोटोतील व्यक्तीचं नाव, कै. हेमा आगाशे. माहिती देणाऱ्याचा फोन... हे रिकामंच आहे. फोटोतील व्यक्तीशी नातं..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "श्रीधरराव, इथे 'मी स्वतः' असं लिहिलंय."